काचेवरचा अंगठा

छोटी बावन्न वर्षांची होती. तिला चष्मा होता, गुडघेदुखी होती, नोकरीला लागलेली मुलगी होती, तरी ती छोटीच होती. ताईचं तसं नव्हतं. ताई पाळण्यातसुद्धा ताईच असणार, असं तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं. कमी बोलायचं, दुसऱ्याचं ताट आधी वाढायचं आणि आपल्याला काय हवंय ते कुणीतरी आपणहून ओळखेल म्हणून वाट बघत बसायचं, हा तिचा जन्माचा खाक्या.

तीस वर्षं ती एका काचेच्या दुकानात होती. दुकानात पुढे आरसे आणि गिऱ्हाइकं, मागे लांबच लांब टेबल आणि पाण्याचा नळ. दवाखान्याच्या दारावरचं डॉक्टरचं नाव, न्हाणीघराच्या खिडकीवरची वेलबुट्टी, कुणाच्या कपाटावरचे दोन हंस, हे सगळं मागच्या टेबलावर तयार व्हायचं आणि त्या टेबलावर ती एकटी बाई. लग्न केलं नाही की झालं नाही, असं लोक विचारत. ती "राहिलं" एवढंच म्हणे. पुढे दुकान बंद पडलं. मालकाने निरोपाचं भाषण केलं, त्यात तिचं नाव चुकीचं घेतलं, आणि जाताना काच कोरायच्या पेस्टच्या उरलेल्या चार बाटल्या तिच्या पिशवीत टाकल्या.

त्या बाटल्यांमुळेच पुढचं सगळं झालं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की छोटीच्या गल्लीत जो तो आपली खिडकी सजवी. कुणी दिव्यांची माळ सोडी, कुणी रंगीत कागदाच्या पताका. दुकान सुटल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत ताईने भाचीसाठी काचेचे बारा लोलक करून नेले. तळहाताएवढ्या गोल चकत्या, वर दोरा ओवायला भोक, आणि प्रत्येकीवर दुधी रंगात कोरलेला एकेक पक्षी. मागे दिवा लावला की काच दिसेनाशी व्हायची आणि खिडकीत नुसते पक्षी तरंगायचे. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. शेजारणी विचारायला आल्या, कुठून आणले गं? छोटी म्हणाली, "घरीच केलेत." त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणाच्या घरी, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी ताईने लोलक करायचे, छोटीने ते टांगायचे, आणि सुट्टीचे आठ दिवस ताईने छोटीकडे राहायला जायचं, असा शिरस्ता पडला. ताईच्या दोन खोल्यांत वर्षभर नळाच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नसे. ते आठ दिवस तिला वर्षभर पुरत.

छोटीचं तोंड गोड आणि चालू. तिने आधी शेजारणींना जमवून बैठकीत एक वर्ग घेतला, मग वाचनालयात चार घेतले, मग एका साप्ताहिकाने तिचा लेख छापला. आणि एका दुपारी ती ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली ती लालबुंद होऊन.

"ताई, पुस्तक निघतंय! प्रकाशक स्वतः घरी आले होते. 'सुट्टीची काच: घरच्या घरी नक्षीदार सजावट'. नाव कसं वाटतं?"

"छान आहे की."

"फोटोबिटो सगळं रंगीत. तू मला एकेक कृती नीट सांगायचीस, मी लिहिणार." छोटीने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते वर येईपर्यंतच्या वेळात विचारलं, "तुझंही नाव टाकू या का गं पुस्तकावर?"

ताईचे कान गरम झाले. तीस वर्षं तिने जगाची नावं काचेवर कोरली होती. डॉक्टरांची, वकिलांची, एकदा तर कुणाच्या मेलेल्या कुत्र्याचंसुद्धा. स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं तिने पाहिलं होतं ते फक्त पगाराच्या वहीत.

"छे गं," ती म्हणाली. "माझं कशाला? मी काय लेखिका आहे?"

आणि ती थांबली.

आता इथे या दोघींच्या आईविषयी सांगितलं पाहिजे. आई गरिबीत मान जपणारी बाई होती आणि तिचा एक कायदा होता. कुणी काही देऊ केलं तर दोनदा नाही म्हणायचं. पहिल्यांदा लोक रीत म्हणून विचारतात, दुसऱ्यांदा भीड म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं तरच त्यांच्या मनात आहे असं धरायचं. हा कायदा मोडला की दंडाला चिमटा. एकदा कुणा ओळखीच्या बाईंकडे दोघी बसल्या असताना बिस्किटांची बशी आली. दोघींनी शहाण्यासारखं "नको" म्हटलं. बाई सरळमार्गी होत्या, त्यांनी "बरं" म्हणून बशी आत नेली. छोटी घरापर्यंत रडत आली. दारात ताईने फ्रॉकच्या खिशातून अर्धं बिस्कीट काढून तिला दिलं. ते तिने आदल्या दिवशीचं जपून ठेवलं होतं. अशी ही ताई.

तेव्हा ताईने "छे गं" म्हटलं ते पहिलं नाही होतं. दुसरंही तिच्या जिभेवर तयार होतं, आणि तिसऱ्या वेळी काय म्हणायचं तेही: "तुझा एवढा आग्रहच असेल तर टाक बाई." हे वाक्य तिने मनात म्हणूनही बघितलं. जरा जास्तच उत्सुक वाटेल म्हणून त्यातलं "बाई" काढलं.

"बरं," छोटी म्हणाली. "चहा उरलाय का अजून?"

तेव्हापासून ताईचा जीव टांगणीला लागला. आज ना उद्या छोटी पुन्हा विचारील याची तिला खात्री होती. एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या मुली, एकीला माहीत असलेला कायदा दुसरीला माहीत नसेल कसा? छोटी आठवड्यातून दोनदा वही घेऊन येई आणि ताई काम करता करता सांगत जाई. काच आधी स्पिरिटने पुसायची. मग जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या सुती फडक्याने. नव्या फडक्याची लव सुटते. चिकट कागद लावताना मधून बाहेर दाबत जायचं, बुडबुडा राहता कामा नये. नक्षी कापताना कटर उभा धरायचा. कापलेला भाग उचलला की खालची काच उघडी पडते, आणि त्या उघड्या काचेला बोट लावायचं नाही, काही झालं तरी नाही. बोटाला तेल असतं. आपल्याला दिसत नाही, पेस्टला बरोबर दिसतं. जिथे तेल तिथे पेस्ट काच खात नाही, आणि तेवढी जागा कायमची कोरी राहते.

"आणि चुकून लागलंच बोट तर?"

"पेस्ट लावायच्या आधी कळलं तर पुसायचं. नंतर कळलं तर काच फेकायची. खाल्लेली काच परत भरून येत नाही."

छोटी भराभर लिहून घेई. पेस्ट लावायची ती हातमोजे घालून, खिडकी उघडून, जाडसर. दहा मिनिटांनी नळाखाली धुवायची. धुतल्यावर नक्षी दिसेनाशी होते, नवशिकी माणसं घाबरतात आणि पुन्हा पेस्ट थापतात, तिथे सगळा घोळ होतो. "ओली काच खोटं बोलते," ताई म्हणाली. "ती वाळेपर्यंत गप्प बसायचं."

"वा!" छोटी म्हणाली आणि ते वाक्य तिने वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मधूनमधून ताई गळ टाकून बघे.

"मुखपृष्ठ ठरलं का गं?"

"ठरलं."

"त्यावर काय काय असणार?"

"नाव."

"कुणाचं?"

"पुस्तकाचं, ताई! आणखी कुणाचं?" छोटी हसली. ताईही हसली. ती गेल्यावर ताईने कपबशा इतक्या जोरात घासल्या की एका कपाचा कान तुटला.

सरळ सांगावं ना, मला हवंय म्हणून! कुणीही हेच म्हणेल. पण साठी उलटलेल्या बाईला आपल्या धाकट्या बहिणीपुढे हात पसरून "माझं नाव घाल गं" म्हणणं किती जड जातं, ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच विचारावं. आणि मागितलेलं नाव म्हणजे काय नाव? ताईला ते हवं होतं दुसऱ्याने आणून हातात ठेवलेलं.

फोटो काढायला फोटोग्राफर ताईच्याच घरी आला, कारण टेबल तिथे, नळ तिथे आणि पूर्वेची मोठी खिडकी तिथे. तरुण पोरगा होता, वागायला नम्र. त्याने ओट्यावरचे डबे खाली उतरवले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आणि स्वयंपाकघर कुणाचंच वाटणार नाही असं केलं. छोटी कडेला बसून यादी वाचत होती. ताईने काच घेतली, फडकं घेतलं आणि पुसायला लागली. त्याने दोन फोटो काढले. कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तो छोटीकडे वळला.

"मॅडम, हात तुमचे घेऊ या का? म्हणजे, पुस्तकात जरा स्वच्छ दिसायला हवं."

आता ताईचे हात. दिवसातून पन्नास वेळा धुतलेले, त्यांच्याइतके स्वच्छ हात त्या गल्लीत नसतील. पण पेस्टने बोटांची कातडी जागोजाग पांढरी पडलेली, दोन नखं वाकडी वाढलेली, आणि उजव्या अंगठ्यावर आरपार एक आडवा व्रण. तो दुकानातल्या दुसऱ्याच वर्षी आरशाच्या कडेने दिलेला. चार टाके पडले होते आणि दुपारी ती पुन्हा टेबलावर होती. फोटोग्राफरच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तिला कळत होतं. तिने फडकं खाली ठेवलं.

"हो हो, तिचेच घ्या," ती घाईघाईने म्हणाली. "माझे कसले हात."

हेही खरं तर पहिलं नाही होतं. पण इथेही दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

छोटी अंगठ्या काढून ठेवत होती. नखांना फिकट गुलाबी रंग लावून आली होती. म्हणजे फोटो कुणाच्या हातांचे निघणार याचा अंदाज तिला आधीच होता, असं म्हणायला हरकत नाही. ताई आतल्या खोलीत गेली. कपाटात भाचीने कधीतरी दिलेली क्रीमची बाटली होती, झाकणसुद्धा न उघडलेली. ती उघडून तिने हातांना क्रीम चोळलं. मनगटापर्यंत चोळलं, बोटांच्या बेचक्यांत चोळलं. वेडेपणा होता, एका क्रीमने तीस वर्षं कुठे जाणार होती? पण लाज माणसाला काहीही करायला लावते. ती चांगली पाच मिनिटं आत होती.

"ताई!" छोटीने हाक मारली. "हा मधला तुकडा निघत नाहीये गं! मी ओढला तर फाटेल."

ताई आली. उडत्या पक्ष्याचा लोलक होता, तिचा स्वतःचा नमुना, पोट भरदार आणि पंख लांब. तिने लोलक उचलून उजेडाकडे धरला, कटरच्या टोकाने कागदाचा तो तुकडा अलगद उचलला आणि लोलक छोटीच्या हातात दिला. देताना तिचा उजवा अंगठा बरोबर पक्ष्याच्या उघड्या पोटावर टेकला. तीस वर्षांत तिने उघड्या काचेला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं, आणि तिला पत्ताही लागला नाही.

छोटीच्या हातांनी पेस्ट लावली. पावाला लोणी लावतात तशी लावली, पण फोटोत छान दिसली. दहा मिनिटं गेली. छोटीच्या हातांनी लोलक नळाखाली धरला. ओला लोलक नितळ दिसला. फोटोग्राफर म्हणाला, वाळताना घेतो, नक्षी उमटतानाचा फोटो मस्त येईल.

काच वाळू लागली. आधी पंखांची टोकं दुधी झाली, मग चोच, मग शेपूट. आणि पोटाच्या मधोमध एक लांबट गोल जागा कोरी राहिली, तिच्यात बारीक बारीक रेषा, आणि सगळ्या रेषा कापत गेलेला एक आडवा व्रण.

"अगं बाई!" छोटी ओरडली. "हा कुणाचा?"

विचारायची गरज नव्हती. ताईने हात पाठीमागे घेतले होते. "माझा," ती म्हणाली. "फेकून दे. मी दुसरा करते." शाळेत पाटीवर चुकलेल्या मुलीसारखं तिला झालं होतं.

"थांबा, थांबा," फोटोग्राफर खिडकीशी वाकला. "काय सुंदर आलाय! एकेक रेषा दिसतेय. हा घेतोच मी." त्याने एक सोडून सहा फोटो घेतले.

आणि इथे आपल्या ताईचं चुकलं. चूक कसली, माणूस आहे, आशा केली. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिला तो "सुंदर" शब्द ऐकू येत होता. तिला वाटलं, नाव राहू दे, हा फोटो कुठेतरी येईल. शेवटच्या पानावर छोटासा, खाली काही न लिहिता. ज्याला कळायचं त्याला कळेल. नावापेक्षा अंगठा बराच म्हणायचा, नावं काय, एकाचं दुसऱ्याला असतं. तिने दुसऱ्या दिवशी छोटीला फोन करून उगाच विचारलं, "तो खराब झालेला लोलक टाकलास का गं?" छोटी म्हणाली, "अगं नाही, फोटोग्राफरकडेच आहे. त्याचं पुस्तकात काम आहे." ताईने फोन ठेवला आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी स्वतःपुरता गोड शिरा केला.

सुट्ट्यांना पंधरा दिवस उरले असताना छोटी आली. मागून टॅक्सीवाला कोऱ्या काचांचे चार खोके वर चढवून देऊन गेला. छोटीच्या हातात पुस्तक होतं.

"घे! पहिली प्रत तुझी."

ताईने हात धुतले, पुसले, खिडकीशी खुर्ची ओढली. पुस्तक जड होतं आणि त्याला नव्या कागदाचा वास होता. मुखपृष्ठावर तिचे पक्षी होते, बारा. खाली छोटीचं नाव. ते अपेक्षितच होतं, ताईला त्याचं काही वाटलं नाही, निदान तिने स्वतःला तसं बजावलं. पान उलटलं. आभार. प्रकाशकांचे, फोटोग्राफरचे, वाचनालयाचे, साप्ताहिकाच्या संपादकांचे, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींचे, पसारा सहन केल्याबद्दल नवऱ्याचे, "आणि वेळोवेळी मदत करणाऱ्या घरच्या मंडळींचे". घरची मंडळी. ताईने ते दोन शब्द पुन्हा वाचले. त्यांत ती होती, छोटीची मुलगी होती, आणि बहुधा मांजरही होतं.

ती पुढे गेली. गुलाबी नखं काच पुसत होती, गुलाबी नखं कागद लावत होती. एका पानावर ठळक चौकट होती: "मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते, ओली काच खोटं बोलते."

"ते वाक्य सगळ्यांना फार आवडलंय," छोटी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. "आणि शेवटी बघ, शेवटी! त्र्याण्णव पान. तुझ्यासाठी गंमत आहे तिथे."

ताईला तो फोटो आठवला. आलाय तर. तिने मधली पानं सोडून दिली आणि एकदम त्र्याण्णव काढलं.

अर्धं पान भरून तिचा अंगठा होता. व्रण, रेषा, सगळं स्वच्छ. फोटोग्राफरने कामात कसर ठेवली नव्हती. प्रकरणाचं नाव होतं "या चुका टाळा". फोटोखाली लिहिलं होतं: "हात स्वच्छ न करता काच हाताळल्यास असा डाग कायमचा राहतो. अशी काच सजावटीत वापरू नये."

"ओळखलास ना?" छोटी हसत होती. मनापासून हसत होती, हेच तर वाईट. "म्हटलं, तुझंही काहीतरी यायला हवं पुस्तकात!"

ताईने पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. आपले हात अस्वच्छ होते, हे आता कुठल्या कुठल्या गावच्या बायका वाचणार होत्या, आणि कुणाचे हात ते कुणालाच कळणार नव्हतं. यातलं कशाचं जास्त वाईट वाटावं, ते तिला ठरवता येईना.

छोटीने चहा आणून दिला आणि खोक्यांकडे बोट केलं. "बरं, आता कामाचं. पुस्तकाचा समारंभ आहे सुट्टीच्या आधीच्या रविवारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये. सगळ्या खिडक्या आपल्या लोलकांनी भरायच्यात. सव्वाशे लागतील. करशील ना?"

"या वेळी नको गं," ताई म्हणाली. "हाताला बरं नाहीये."

"असं काय करतेस? माझी अब्रू आहे. थोडे कमी कर, शंभर कर. करशील ना?"

"नाही जमणार, छोटी."

छोटीने बशी खाली ठेवली, जवळ आली, लाडाने ताईच्या गळ्यात हात टाकला आणि लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "झालं दोनदा नाही म्हणून? आईचा कायदा पाळून झाला? आता तिसऱ्यांदा विचारते. करशील ना गं, ताई?"

ताईने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"तुला आठवतो आईचा कायदा?"

"न आठवायला काय झालं? बिस्किटांपायी रडलेय मी!"

"मग नावाचं एकदाच का विचारलंस?"

छोटीचा हात ताईच्या खांद्यावरच राहिला, पण त्यातला लाड गेला. तिने खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायला तिला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, खरं बाहेर पडलं.

"कारण पुन्हा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

चहावर साय धरली. दोघींनीही तो घेतला नाही.

"मी सव्वीस वर्षं संसार केला ताई," छोटी हलकेच म्हणाली. "कुणाची बायको, कुणाची आई, आणि माहेरी आले की तुझी धाकटी. एक गोष्ट माझी एकटीची हवी होती मला. तुला काय, तुझ्याकडे हातात कला आहे. कुणी नाव घेतलं न घेतलं, ती तुझीच आहे."

हे खरं होतं की कसं, यावर ताई पुढे पुष्कळ दिवस विचार करणार होती. त्या क्षणी तिला एवढंच कळलं, की इतके महिने आपण ज्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो, ते विचारायचंच नाही हे त्या पहिल्या चहालाच ठरलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"लोलक. तिसऱ्यांदा विचारलंस ना? नाही."

छोटीला ते खरं वाटेना. त्या घरात तिसरं नाही कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ती जरा हसली, थोडं थांबली, चौथ्यांदा विचारावं की काय असं तिच्या तोंडावर आलं. मग ताईचा चेहरा बघून तिने पर्स उचलली. खोके न्यायला माणूस पाठवते म्हणाली. एक पदवी घेतलेला मुलगा आहे, मशीनवर काच कोरून देतो, त्याला सांगेन, असंही म्हणाली. ताईने "बरं होईल" म्हटलं.

दारात चपला घालताना छोटीला एक चप्पल सापडेना. ताईने ती दाराच्या फटीतून काढून पुढे सरकवली. छोटीने भिंतीला धरून पाय आत घातला आणि खाली बघतच विचारलं, "सुट्टीला येशील ना राहायला?"

कसं झालं ते ताईला नंतरही सांगता आलं नाही. राग होता, पण त्या उत्तरात राग नव्हता. त्या उत्तरात आई होती, बिस्किटांची बशी होती आणि पन्नासहून जास्त वर्षांची सवय होती. ते तोंडातून आपोआप आलं.

"नको गं. तुमच्याकडे पाहुणे असतील, गर्दी होईल."

आणि ती थांबली. दुसरं नाही तिने तयारसुद्धा केलं नव्हतं. या वेळी दुसऱ्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं, कायदा गेला खड्ड्यात, असं तिने दाराची कडी हातात धरून ठरवून टाकलं.

"बरं," छोटी म्हणाली. "तुझी मर्जी."

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, गुडघे दुखत होते ना. खालच्या वळणावर ती क्षणभर थांबली, तेव्हा ताई अर्धं पाऊल पुढे आली. छोटी पर्समध्ये चष्मा शोधत होती. तो सापडल्यावर ती पुढे गेली. खाली फाटक वाजलं. ताईने आणखी थोडा वेळ दार उघडं ठेवलं, मग लावून घेतलं आणि गार झालेला चहा मोरीत ओतला.